एका बाटलीचं वेळापत्रक

डॉक्टरांनी डबीतून एक गोळी तळहातावर काढली, तिच्यासमोर धरली, आणि ती गोळी तिच्या ओळखीची निघाली. लांबट, पिवळसर, मधोमध बारीक खाच. एखादा माणूस गेला असं धरून आपण वर्षानुवर्षं चालावं आणि त्याने एक दिवस फुटपाथवर समोर येऊन काय, कसं काय, म्हणावं, तसं झालं. "ही तुम्ही आजवर कधीच घेतलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "फाईल मी दोनदा चाळली, मावशी. हीच काय, हिच्या घराण्यातली एकही गोळी तुमच्या पोटात गेलेली नाही. म्हणून तर ही चालणार." तिने मान हलवली. सोळा वर्षं डॉक्टरांसमोर हलून हलून त्या मानेला इतकी सवय झाली होती की ती विचारायच्या आधीच हलायची. डॉक्टरांनी गोळी परत डबीत टाकली, डबी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे तिच्या खुर्चीशेजारच्या लोखंडी कपाटावर. "आधी ड्रिप होऊ दे. नंतर तासभर इथेच बसायचं. मग मी येतो, पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची. जुन्या सगळ्या आजपासून बंद." बाजूच्या स्टुलावर बसलेली लेक म्हणाली, "घेईल हो डॉक्टर. आईची गोळी आणि चुकली? सूर्य चुकेल एखादवेळी." डॉक्टर हसले. तीही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपली जीभ टाळ्याला चिकटली आहे आणि जिभेवर एक जुना कडूपणा आला आहे, कोरडा, खडूसारखा. अर्धी गोळी तोडली की तुटलेल्या बाजूची पूड जिभेला लागते, तिचा.

दहा वाजून बावीस मिनिटांनी ड्रिप लागली. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं, म्हणजे दहा वीस. सिस्टरने शीर पहिल्याच टोचणीत पकडली आणि म्हणाली, "तुमच्या शिरा म्हणजे सज्जन माणसं, ताई. एक हाक मारली की दारात हजर." पिशवीत पाण्यासारखं पाणी. रंग नाही, वास नाही, काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी हेच पहिल्यांदा अंगात गेलं तेव्हा तिला वाटलं होतं, फसवलं आपल्याला, हे नुसतं सलाईन आहे, म्हातारीची समजूत काढतायत. आणि आज सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला होता. जुना आकडा, खाली नवा आकडा. आकडे तिला समजावून सांगावे लागत नाहीत, आकड्यांवरच तिने एकतीस वर्षं काढली होती. बसच्या वेळापत्रकाच्या शाखेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली डेपो. दहातले नऊ गेले होते. सोळा वर्षांत ज्यांनी चार तऱ्हेच्या गोळ्या खाऊन पचवल्या, ज्यांच्यापुढे दोन मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, त्या विषाणूंपैकी दहातले नऊ, पंधरा दिवसांत. तिने रिपोर्ट उलटा करून पाहिला होता. उगाच. मागच्या बाजूला काहीच नव्हतं.

आणि खुबी अशी की हे औषध विषाणूच्या वाटेलाच जात नाही. डॉक्टरांनी मागच्या खेपेला कागदावर काढून दाखवलं होतं, वाईट काढलं होतं, पेशी बटाट्यासारखी आली होती, पण तिला कळलं. रक्तातली पांढरी पेशी. तिच्या अंगावर एक खुंटी. विषाणू येतो, ती खुंटी धरतो, मग जरा वाकतो, वळतो आणि आत शिरतो. आजवरच्या गोळ्या विषाणूवर धावून जायच्या; तो कपडे बदलायचा, नाव बदलायचा, निसटायचा. हे औषध त्याच्याकडे बघतही नाही. ते जाऊन त्या खुंटीच्या मागच्या अंगाला बसतं आणि तिथेच राहतं. पेशीचं कामकाज चालू. खुंटीही मोकळी. विषाणू येतो, खुंटी धरतोसुद्धा, पण आत वळायला त्याला जागा नाही. "म्हणजे गाडी गेटपर्यंत आली," ती तेव्हा डॉक्टरांना म्हणाली होती, "पण वळणावर कुणीतरी आधीच गाडी लावून ठेवलीय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. "मावशी, हे मी विद्यार्थ्यांना सांगू का?" सांगा की. ते वाक्य खरं तिचं नव्हतंच. नवरा असता तर हेच म्हणाला असता, त्याच्या तोंडून काढून घेतल्यासारखं ते तिच्या तोंडून निघालं होतं. चोवीस वर्षं त्याने बस चालवली. वळायला जागा आहे की नाही हे त्याला गाडी वळवण्याआधी खांद्यात कळायचं. कुणाला सुचलं असेल हे? कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या दुपारी, कुणाच्या डोक्यात आलं असेल की शत्रूच्या मागे लागायचं सोडून द्यावं आणि नुसतं जाऊन वळणावर बसावं? स्टीलच्या मोठमोठ्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवतात म्हणे, त्यांना खायला घालतात, ऊब देतात आणि त्या हे बनवतात. लेकीने ते ऐकून लगेच विचारलं होतं, "म्हणजे आमच्या पिठासारखं? तापमान जरा हललं की बसलंच?" लेक बेकरीत होती, तिला जगात सगळीकडे पीठ फुगताना दिसायचं. आताही ती पहाटेची भट्टी उरकून तशीच आली होती, कोपराला पीठ, डोळ्यांत झोप. पेशंटसोबत एक माणूस हवंच असा इथला नियम होता.

एक थेंब. मग जरा थांबून दुसरा. ती दोन थेंबांमधलं अंतर मोजू लागली, आणि मोजताना तिला ते वाक्य आठवलं जे ती सकाळपासून आठवायचं टाळत होती. हे औषध एकटं राहिलं तर तो यालाही शिकतो. डॉक्टर म्हणाले होते. याला जोडीदार लागतो, निदान एक, पण असा की ज्याला तुमचा विषाणू कधी भेटलेलाच नाही. तपासणीत दिसतो तो आत्ताचा घोळका, मावशी. मागे कधीतरी शिकलेला धडा तो दडवून ठेवतो, वर्षानुवर्षं दडवतो, गरज पडली की काढतो. म्हणून मी फाईल बघतो. फाईल खोटं बोलत नाही. असं ते म्हणाले होते, पोरगेलेसे डॉक्टर, चष्मा सारखा वर ढकलणारे. आणि फाईलला माहीत नव्हतं. ती पिवळी गोळी तिच्या पोटात गेली होती, एकशे अठरा दिवस, अर्धी अर्धी, दिवसाआड. अर्ध्या पोटी शिकवलेला धडा. आता ती गोळी जोडीला दिली तर तो जोडीदार म्हणजे नुसतं उभं केलेलं बुजगावणं, आणि वळणावर बसलेलं हे शहाणं औषध एकटं पडणार, आणि तो शिकणार, आणि मग पुढे काही नाही. डॉक्टर म्हणालेच होते, यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही. तेव्हा सांगायला हवं. दोन वाक्यं. सांगायला हवं आणि शेजारी लेक बसली आहे.

नवऱ्याला वचन दिलं होतं: जगात कुणालाही नाही. लेकीला तर नाहीच नाही.

तो पहिल्यांदा तिच्या टेबलाशी आला तो भांडायला. एक्केचाळीस नंबरच्या मार्गाला तिने टोकापासून टोकापर्यंत अडतीस मिनिटं दिली होती. "अडतीस मिनिटांत तिथे पाखरू जाईल बाई, बस नाही." ती म्हणाली, "इतर ड्रायव्हर जातात." "इतर ड्रायव्हर स्टॉपवरच्या म्हाताऱ्या माणसांना बघून न बघितल्यासारखं करतात." तिला राग आला. राग आला म्हणून ती दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन त्याच्या गाडीत त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. त्रेचाळीस मिनिटं. प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी तो थांबला, आणि एकदा कुणीही नसताना थांबला. का? "एक काकू रोज येतात. आज उशीर दिसतोय." काकू आल्या, धापा टाकत. तिने वेळापत्रक बदललं, पाच मिनिटं वाढवली, त्यासाठी वरच्या साहेबांशी दोन महिने डोकं लावलं. आणि तेव्हापासून तो तिला साहेब म्हणू लागला. लग्नानंतरही. "साहेब, भाजीत मीठ घालायची वेळ कोणती?" त्याच्यासारखा माणूस तिने नंतर पाहिला नाही, म्हणजे पाहिले असतील, स्टॉपवॉच लावून नाही पाहिले.

पिशवी अर्धी झाली. लेकीची मान पुढे लवंडली, झटक्यात वर आली. "मी जागी आहे," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. झोपेत तिचा खालचा ओठ बापासारखाच सुटतो. सोळा वर्षांपूर्वी ही पंधरा वर्षांची होती, रोज एक दार आपटायची. तिचं स्वतःचं पोटाचं साधं ऑपरेशन होतं, आधीच्या तपासण्यांत हा विषाणू निघाला. तिच्या रक्तात. घरी येऊन तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात सांगितलं, ओट्याला टेकून. आणि तो कितीतरी वेळ ओल्या फडक्याने कोरडा ओटा पुसत राहिला. कुणाकडून कुणाला, हे त्याने विचारलं नाही. तिनेही नाही. एकदाही नाही, ना तेव्हा, ना भांडणात, ना शेवटी. लोक म्हणतील याला काय धाडस लागतं. लागतं. तो प्रश्न घरात राहत होता, त्यांच्या ताटाशेजारी बसत होता, आणि दोघांनी मिळून त्याला सहा वर्षं वाढलं नाही. लेकीला मात्र आईचं सांगावंच लागलं, आईपुरतं. कधीतरी बाहेरून चढवलेलं रक्त, असं काहीतरी. तिची बाटली सुरू झाली, महिन्याच्या साठ गोळ्या, सकाळ-रात्र. त्याने दुसऱ्या शहरात जाऊन गुपचूप तपासून घेतलं, चिठ्ठी दाखवली आणि फाडून टाकली. नाव नोंदवायला तयार नाही. नोंदवलं की डेपोच्या दवाखान्यात कळणार, कळलं की गाडी काढून घेणार, यार्डात टायर मोजायला बसवणार. "साहेब, मला स्टिअरिंग नसेल तर हात कुठे ठेवायचे हे कळत नाही." वर्षभर तो ठणठणीत होता. मग खोकला. मग पायऱ्या चढताना कठडा. एका सकाळी तिने आपली गोळी तोंडाकडे नेली आणि मध्येच हात वळवून त्याच्या ओठांशी धरली. त्याने डोळे मिटून घेतली. आणि त्याच दिवशी, ऑफिसात, दुपारच्या जेवणानंतर, तिने एक कोरा तक्ता ओढला.

तेव्हा तिला भीती वाटली नव्हती. हे आज कबूल करायला हवं, निदान इथे, या खुर्चीत, स्वतःपाशी. तिला हुरूप आला होता. एक गाडी, दोन मार्ग. तिच्या शाखेतलं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणं काम: एकच गाडी एका मार्गाची फेरी संपवून लगेच दुसऱ्या मार्गाची पाटी लावते, आणि दोन्ही स्टॉपवरच्या माणसांना वाटतं आपल्याला आपली स्वतंत्र गाडी आहे. एक बाटली, दोन माणसं. मी एक दिवस, तो एक दिवस. दोघांच्या पाळ्यांची गाठ पडेल त्या दिवशी सकाळ माझी, रात्र त्याची. कुणाच्याही दोन गोळ्यांत छत्तीस तासांपेक्षा जास्त खंड नाही. आणि यातली मेख अशी की दर सहा महिन्यांनी तिची रक्ततपासणी असायची. तपासणीत वाईट निघालं तर चौकशी. म्हणून तपासणीआधीचा अख्खा महिना तिचा. त्या महिन्यात तो काही घ्यायचा नाही. ही ओळ तिने नव्हती लिहिली. तिने आठ दिवस लिहिले होते, त्याने पेन्सिल घेऊन महिना केला. तिने खोडलं, त्याने परत लिहिलं. दवाखान्यात गोळ्या मोजणाऱ्या बाई बाटली उपडी करून मोजायच्या, दर वेळी हिशोब चोख. शाबास. नव्या पेशंटांना तिच्याशेजारी बसवू लागले. यांच्याकडून शिका, एक गोळी चुकत नाही. आणि ती शिकवायची! गजर कसा लावावा, प्रवासात कशी न्यावी. घरी आल्यावर नवरा दारातच विचारायचा, "काय मास्तरीणबाई, आज किती पोरं पास?" आणि दोघं हसायचे, गालावर हात ठेवून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या अपुऱ्या गोळ्यांच्या उजेडात विषाणू मात्र एकेक धडा गिरवत होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, भिंतीवर चित्रासकट लावलं होतं. पण तिला वाटलं होतं ते विसराळू लोकांसाठी आहे. वेळापत्रक असणाऱ्यांसाठी नाही.

पिवळी गोळी त्याने आणली. दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी डॉक्टरकडून, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, लांब पल्ल्याच्या गाडीने. तेव्हा नवीन होती, चांगली होती, आणि तो आपली गोळी मधल्या खाचेवर तोडून अर्धी तिला द्यायचा. तिने नको म्हटलं. "एकतर्फी वाहतूक मला जमत नाही, साहेब." चार खेपा. पाचव्या खेपेला त्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. काय हो, दर महिन्याला इकडे कुणाकडे? झालं, बंद. एकशे अठरा दिवस. त्यानंतर तो दोन वर्षं होता. न्यूमोनिया, असं कागदावर आहे, आणि ते खोटं नाही.

"संपली," सिस्टर म्हणाली. सुई निघाली, कापूस, पट्टी. दहा एकेचाळीस. आता एक तास. सिस्टरने रक्तदाब घेतला, चक्कर येतेय का, खाज, धाप? काही नाही. "मग बसा आरामात. लोकांना हे औषध मिळावं म्हणून मी देवाला काय काय बोलते, आणि मिळालेली माणसं इथे बसून चेहरा पाडतात." "चेहरा तसाच आहे हो," ती म्हणाली, "बाय बर्थ." लेक खो खो हसली. ती हसत असतानाच तिने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, मानेने या वेळी काहीही करायच्या आत हात पुढे झाला. "जा गं, चहा घेऊन ये. खालून. मला बिनसाखरेचा." लेक गेली. लिफ्ट बंद होती, चार मजले उतरून चढून यायला तिला बारा मिनिटं, रांग धरून अठरा. "सिस्टर, एक कागद द्या. मोठा असेल तर बरा. आणि पट्टी." "पट्टी? हाताची की लाकडाची?" "आखायची."

तिने पॅड मांडीवर घेऊन आखायला सुरुवात केली. आडव्या ओळी दोन, मी आणि तो. उभे रकाने महिन्यांचे. तिला वाटलं होतं आठवावं लागेल. पण ते सगळं जसंच्या तसं बोटांत होतं, जशा तिच्या सगळ्या गाड्या तिच्या बोटांत होत्या. भरीव ठिपका म्हणजे पूर्ण, पोकळ म्हणजे अर्धी, फुली म्हणजे काही नाही. मी, तो, मी, तो. पांढऱ्या गोळ्यांसाठी निळं पेन, पिवळीसाठी सिस्टरकडचं लाल. कुठे सुरू, कुठे बंद. आणि जसजसा कागद भरत गेला तसतसं तिला दिसू लागलं की हे सुंदर आहे. चुकीचं, घातक, आणि सुंदर, एकही गाठ सैल नाही. असं काम आपण पगारासाठी कधी केलं नाही. त्याची ओळ फुल्यांनी भरत चालली. तिने कधी त्याची ओळ सलग, एकटी, अशी पाहिली नव्हती. एका नजरेत पाहिली तर ती जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना वाढत राहिलेल्या माणसाच्या पानासारखी दिसत होती.

"हे काय? रिटायर झालीस तरी इथलीपण वेळापत्रकं करून देणारेस का?" लेक. चौदा मिनिटांत आली होती. दोन कप खिडकीत ठेवून ती आईच्या खांद्यावरून वाकली. पिठाचा वास. आता कागद पालथा घालता आला असता. तळहात कागदावर होताच, नुसता दाबायचा होता. तिने तळहात उचलला. लेकीने बराच वेळ वाचलं. बेकरीत ती असेच तक्ते वाचायची, कुठली भट्टी किती वाजता. तिला ते वाचता येत होते, हीच तर अडचण. "ही वरची ओळ तू." "हो." "खालची कुणाची?" पलीकडच्या खुर्चीतल्या पेशंटचं मासिक खाली पडलं, सिस्टरने उचलून दिलं. "आई, खालची कुणाची?"

"तुझ्या बाबांची."

लेकीने स्टूल ओढलं नाही, तशीच उभी राहिली, मग बोट पुढे केलं आणि खालच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे नेलं, सावकाश, आंधळं माणूस वाचतं तसं. फुल्यांच्या एका लांब पट्ट्यावर बोट थांबलं. "इथे एवढं काहीच का नाही?" "माझी तपासणी असायची. त्याआधी ते घ्यायचे नाहीत. माझं रक्त चांगलं दिसावं म्हणून." "आणि इथे?" "पुढची तपासणी." "आणि इथे." ते विचारणं नव्हतं. मग ती म्हणाली, "मला ते सांगायचे, दमा आहे. मी त्यांना म्हणायचे, सिगरेट ओढत असाल चोरून. शेवटपर्यंत म्हणायचे. आणि ते हो म्हणायचे गं. हो बाई, ओढतो, म्हणायचे." तिचा चेहरा आधी रागाचा झाला, मग कसलाच राहिला नाही, आणि त्या कसल्याच नसलेल्या चेहऱ्यातून बापाचा खालचा ओठ सुटला. "तू मला का—" "त्यांनी शब्द घेतला होता." "मग आज कसा मोडलास?" तिने लोखंडी कपाटावरच्या डबीकडे बोट दाखवलं. लाल पेनाच्या ओळीकडे दाखवलं. एवढं पुरलं. लेक हुशार आहे, दोन्हीकडून.

अकरा चाळीसला डॉक्टर आले, पाण्याचा ग्लास स्वतः घेऊन आले. "चला मावशी, शुभारंभ." तिने ग्लास घेतला नाही. कागद दिला. "डॉक्टर, फाईल अपुरी आहे." ते उभ्यानेच वाचू लागले, चष्मा वर ढकलला, मग दुसऱ्या हातातला ग्लास खिडकीत चहाशेजारी ठेवला आणि बसले. "लाल म्हणजे ही?" "हीच. अर्धी. दिवसाआड. एकशे अठरा दिवस, बारा वर्षांपूर्वी. तारखा खाली दिल्यात." "नंतर पुन्हा कधी?" "नाही." "आणि ही खालची ओळ कुणाची?" ती तोंड उघडणार तोच लेक म्हणाली, "माझ्या बाबांची." आवाज साफ होता. दहा वर्षांत त्यांच्याविषयी ती असं छाती पुढे काढून बोलली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "त्यांचे उपचार कुठे झाले?" "इथे," आता आईच म्हणाली आणि कागदावर बोट ठेवलं. "एवढेच."

तिला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. तिला ते बरं वाटलं असतं. डॉक्टर कागदाकडे पाहत राहिले. "तुम्हाला कळतंय ना, हे केलंत म्हणून तो सगळं शिकला?" "कळतं." "आणि हे आज सांगितलं नसतं तर महिन्या-दोन महिन्यांत तो यालाही शिकला असता." "म्हणून सांगितलं." त्यांनी मान हलवली, थकल्यासारखी, मग म्हणाले, "मला आजवर कुणी अशी हिस्टरी दिलेली नाही. लोक म्हणतात, कधीकधी चुकायची. तुम्ही मला प्रत्येक चूक तासासकट दिलीत." त्यांनी डबी उचलून कोटाच्या खिशात टाकली. "मग आता एकच उरतं, आणि ते सोपं नाही. जोडीला इंजेक्शन. गोळी नाही. बारा-बारा तासांनी, रोज, पोटावर, स्वतःचं स्वतः टोचायचं. टोचलं तिथे गाठ येते, दुखते. भली भली माणसं कंटाळून सोडतात. पण हे तुम्हाला नवीन आहे." त्यांनी चष्मा वर ढकलला. "नवीनच आहे ना, मावशी?" "आता काही राहिलं नाही डॉक्टर. सांगायचं होतं तेवढं कागदावर आलंय." "सुरू करायचं आजच?" "आत्ताच करा. दुपारी बारा, रात्री बारा. नाही, थांबा. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. आजचा पहिला डोस आत्ता, उद्यापासून तो वेळेवर आणू." "एवढा फरक चालेल," डॉक्टर म्हणाले, आणि कागदाची घडी न घालता, सपाट, फाईलमध्ये सर्वांत वर लावला.

सिस्टरने बाटली आणली. तळाशी पांढरी पूड. तिलाच त्यात पाणी सोडायला लावलं. "आता ऐका. जोरात हलवायची नाही. फेस आला की तो बसेपर्यंत तुम्ही बसा. दोन तळहातांत धरायची आणि अशी, नुसती, फिरवत राहायची. पंधरा मिनिटं लागतील, कधी पाऊण तास. घाई केलीत तर वाया." तिने धरली. बाटली थंड होती आणि बोटाएवढी, आतलं सगळं गढूळ. फिरवू लागली. इतक्या वर्षांत तिच्या हातातून औषध गेलं होतं ते घाईने, झाकून, वाटून. असं मांडीवर घेऊन, उजेडात, त्याचं होईस्तोवर बसून राहणं तिला ठाऊकच नव्हतं. लेकीने शेवटी स्टूल ओढलं आणि अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा. चहा थंड झाला होता, तिने दोन्ही कप एकापाठोपाठ एक पिऊन टाकले. "काकूंसाठी गाडी थांबवायचे ती गोष्ट खरी का?" तिने विचारलं. "का तीही तू केलेली?" "मी स्टॉपवॉच घेऊन बसले होते." "किती वेळ थांबले?"

"एक मिनिट दहा सेकंद. काकूंनी ओशाळून सॉरी म्हटलं, तर म्हणाले, मीच जरा लवकर आलो."

लेकीने तोंडावर हात घेतला. हसते की काय ते हाताआडून कळेना. बाटलीत अजून एक कण तरंगत होता, सिस्टरने वाकून पाहिलं आणि बोटाने खूण केली: थोडं अजून. ती फिरवत राहिली. मग पाणी नितळ झालं. पोटावरची चिमूट धरताना तिला लाज वाटली नाही. लेक बघत होती, तीही बघत होती. सुई गेली. चांगलीच दुखली. दट्ट्या तिने एका लयीत, न थांबता, शेवटपर्यंत दाबला आणि वर पाहिलं. बारा वाजून सहा. "दोन मिनिटं पुढे आहे," ती घड्याळाकडे पाहून म्हणाली, "बारा चार."